दोन वर्षांचा कोल्ट, कागद नाहीत

९ फेब्रुवारी २०१६
अल्यूशियन बेटं, अलास्का

ताई,

नाही नाही म्हणत शेवटी काढून टाकलीसच ना माझी जाहिरात! आणि वर मलाच लिहिशील की मी हातसुद्धा लावला नाही. जानेवारीत निघताना माझ्या हाताने नेटवर टाकून आलो होतो: ‘कोल्ट रिव्हॉल्वर, वडिलांचं, नीट राखलेलं, सातशे डॉलर, रोख.’ फोटो काढत होतो तेव्हा तू दारात हाताची घडी घालून उभी होतीस, तेव्हाच मला कळायला हवं होतं. काल माझ्या शेजारच्या खाटेवरच्या नेस्तोरच्या फोनवर पाच मिनिटं नेट आलं. त्या पाच मिनिटांसाठी मी त्याला माझा रविवारचा केक दिला. आपल्या गावच्या खरेदी-विक्रीच्या गटावर गेलो, तर जाहिरात गायब! केकही गेला.

रॉयसच्या प्रकरणापासून पिस्तुलाचं नाव काढलं तरी तुझा चेहरा पडतो, ते काय मला दिसत नाही? नवरा म्हणून त्याने तुझ्यापुढे काय काय नाचवलं ते मी विसरलेलो नाही. पण आता कोर्टाने त्याला पाचशे फूट लांब ठेवलंय, हत्याराला हात लावायचा नाही म्हणून सांगितलंय. झालं ना? बाबांचं कोल्ट म्हणजे काय रॉयस आहे? ते बिचारं मक्याच्या पिठाच्या डब्यात पडून आहे. ते विकलं गेलं तर माझा जन्म सुधारणार आहे, कसा ते ऐक.

इथे कारखान्यात मी सोळा-सोळा तास माशांची डोकी उडवतो. अंगाला वास असा की समुद्रपक्षी माझ्या मागून चालतात. पण धक्क्यावर थोर्सन म्हणून एक कप्तान आहे, दाढी अशी की तिच्यात पाव लपवावा. तो म्हणाला, “पोरा, तुझे हात चालतात. वीस एप्रिलला हॅलिबट मासे धरायला निघतोय, येतोस?” ताई, बोट! लाल रंगाची! मिळकतीत वाटा! फक्त परवाना, बूट आणि बुडालो तरी गारठून मरू नये असा रबरी पोशाख ज्याने त्याने आपला आणायचा. सहाशेच्या पुढे जातं ते सगळं. पोशाखाशिवाय तो पाय ठेवू देत नाही.

तेव्हा रुसवा सोड आणि जाहिरात परत टाक. फोनला इथे दीड तास रांग आणि तीन मिनिटांत लाइन तुटते, म्हणून लिहितोय. शुद्धलेखनाच्या चुका काढू नकोस.

टेट


२४ फेब्रुवारी
लिक फोर्क, केंटकी

टेट,

आधी आरोप आणि मग काम सांगणं, हे तू बाबांकडून उचललंस. जाहिरात मी काढली नाही. तो गट ज्या कंपनीच्या पानांवर चालतो, तिने काढली. तुझीच नाही, सगळ्यांची. जानेवारीच्या शेवटी त्यांनी जाहीर केलं की माणसामाणसांत बंदुकांची विक्री आमच्या पानांवर चालणार नाही. दुकानदाराचं वेगळं, त्याला परवाना असतो, तो गिऱ्हाइकाची चौकशी करतो. तुझ्यामाझ्यासारख्यांनी टाकलं की उडवतात.

गावात जो गहजब झालाय, तू असायला हवा होतास. पहिले दोन दिवस सगळे संतापले. तिसऱ्या दिवशी सगळ्यांना घरातलं जुनं सामान विकायची हुक्की आली. ‘अक्रोडाची झुलती खुर्ची, नळी सव्वीस इंच.’ खुर्चीला नळी! ‘पडद्याचा दांडा, दोननळी, आजोबांचा.’ शाळेच्या मुदपाकखान्यात माझ्याबरोबर काम करते ती लोएला खरोखरची खुर्ची घ्यायला गेली आणि तिच्यापुढे काय ठेवलं ते बघून तशीच परत आली.

आता माझी गंमत ऐक. रॉयस घरातून गेल्यावर मी ओडेल म्हाताऱ्याकडून शिंगरू घेतलं होतं ना, बिस्किट? दोन वर्षांचा झाला. चारा परवडत नाही, पुढे खर्च दिसतोय, म्हणून रडत रडत विकायला काढला. लिहिलं, ‘कोल्ट, वय दोन वर्षं, नऊशे डॉलर.’ अर्ध्या तासात जाहिरात उडाली! परत टाकली, परत उडाली! आपल्याकडे शिंगराला कोल्ट म्हणतात हे त्या कंपनीच्या यंत्राला कोण सांगणार? ते लेकाचं समुद्रकाठच्या शहरात वाढलेलं. शेवटी बिस्किटचा मोठा फोटो लावून तक्रार केली, तेव्हा राहिली.

आणि मग एकेचाळीस निरोप आले! लोकांना वाटलं, काय डोकं लावलंय बाईने, पिस्तुलाऐवजी घोड्याचा फोटो! मला आधी काहीच कळेना. एकाने विचारलं, “किती वापरलाय?” मी लिहिलं, “अजून कुणी बसलंच नाही त्याच्यावर.” दुसरा म्हणे, “आवाज फार करतो का?” मी म्हटलं, “भूक लागली की.” तिसरा, “दणका कसा आहे?” “मागे उभं राहू नका.” चौथा, “बरोबर काय द्याल?” “आठवड्याचा चारा.” तर म्हणतो, “चारा! समजलो, समजलो! पन्नास नग तरी द्या!” ओडेलने समजावलं तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. मग सगळ्यांना लिहून टाकलं, बाबांनो, घोडा आहे, चार पायांचा. त्यावर अर्धे म्हणाले, बाई पक्की आहे.

एक तेवढा सरळ वाटतो. बक म्हणून कुणी आहे. विचारलं, “कागद आहेत?” मी म्हटलं, नाहीत, बापाची वंशावळ कुणी नोंदवलीच नाही. “माझे कागद मागाल?” मी म्हटलं, तुमचे कशाला, नीट सांभाळा म्हणजे झालं. तो म्हणाला, “तुमच्यासारखी माणसं आता राहिली नाहीत.” शनिवारी नऊशे रोख घेऊन येतोय. घरचा पत्ता दिला नाही, ओडेलच्या गुरांच्या बाजारात बोलावलंय. रॉयसने शोधू नये म्हणून नेटवर मी ‘मिस पेनी’ आहे, तेच नाव सांगितलं.

बाबांच्या कोल्टचं नंतर बघू. जेवतोस का नीट?

डार्ला


२८ फेब्रुवारी, रविवार
लिक फोर्क

टेट,

माझं आधीचं पत्र अजून वाटेत असेल, पण मला राहवत नाही. 

बक म्हणजे रॉयस.

काल बाजारात तोबा गर्दी. मी बिस्किटला दोर लावून उभी. एक ट्रक आला, टोपी डोळ्यांवर ओढलेला एक माणूस उतरला, ओडेलला म्हणाला, “मिस पेनी कोण?” ओडेलने माझ्याकडे बोट केलं. तो वळला. मी दोर हाताला दोनदा गुंडाळला.

“तू?” तो म्हणाला.

“बक तू?” मी म्हटलं.

मग इकडेतिकडे बघत, हळू आवाजात, “कोल्ट कुठाय?”

“हा काय. दोर दिसत नाही हातात?”

त्याने बिस्किटकडे बघितलं. बिस्किटने त्याच्याकडे बघितलं आणि त्याच्या छातीवर शिंकला. तेवढ्यात शेरिफचा माणूस हार्लन, शनिवारी फाटकावर असतो तो, चालत आला. “रॉयस, पाचशे फुटांचा हुकूम आहे आणि तू पाच फुटांवर. काय काम काढलंस?”

“ही आहे ते मला माहीत नव्हतं, शपथ! मी खरेदीला आलोय.”

“कशाच्या?”

अख्खा बाजार कुंपणाशी सरकला. डुकरंसुद्धा सरकली. पिस्तूल म्हणावं तर तिथल्या तिथे बेड्या, हे त्याला कळत होतं. त्याच्या कानांचा रंग बदलला.

“घोड्याच्या,” तो म्हणाला.

“मग दे की पैसे!” ओडेल ओरडला. “नऊशे ठरलेत. का दुसऱ्या कशासाठी आणलेस? तसं हार्लनला सांग.”

आणि त्याने दिले, टेट! एक एक नोट ओडेलच्या हातावर, दात खात! लोक इतके हसले की एक म्हातारी कुंपणावरून पडता पडता वाचली. मीही हसले. बिस्किट ओडेलने ट्रकमागे जोडून दिलेल्या गाडीत चढेपर्यंत हसत होते. मग ट्रक गेला आणि मी तिथेच चाऱ्याच्या पेंढीवर बसून राहिले.

त्याने घोडा नेला, पण तो आला होता दुसऱ्याच कशासाठी. पिस्तूल त्याला कुणासाठी हवं होतं, ते तुला सांगायला नको. नऊ मेला कोर्टाचा हुकूम संपतोय. हार्लन म्हणाला, घोडा घेणं हा गुन्हा नाही, पण ते निरोप सगळे छापून ठेव, एकही पुसू नकोस.

लोएला आज माझ्याकडे झोपायला येतेय. दाराला दोन कड्या लावल्यात.

डार्ला


८ मार्च
अल्यूशियन बेटं

ताई,

तुझं २४ तारखेचं पत्र आज विमानाने आलं आणि इथे नुसता धुमाकूळ! मी खाटेवर उभं राहून वाचून दाखवलं. “मागे उभं राहू नका”ला नेस्तोर जमिनीवर लोळला, मला तीनदा परत वाचायला लावलं. आता कारखान्यात मला कुणी टेट म्हणत नाही, कोल्ट म्हणतात.

पण ताई, तू सोन्याच्या खाणीवर बसून चारा विकतेस! एकेचाळीस गिऱ्हाइकं! घोडा बघून हिरमुसणार ना ती? मग हिरमुसू देऊ नकोस! तो बक आला की बिस्किट दाखव, आणि मग बाजूला नेऊन बाबांचं कोल्ट हातावर ठेव. रोख आणणारा, कागद न मागणारा असा माणूस परत मिळायचा नाही. शनिवार उलटून गेला असेल तर परत बोलाव त्याला. आठशे सांग, सातशेवर ये. कंपनीच्या नाकावर टिच्चून! माझ्या बापाची वस्तू मी कुणाला विकावी हे दोन हजार मैलांवर बसलेली पोरं ठरवणार? आणि घेणारा कोण कुठला, आपल्याला काय करायचंय? बाबांनी कधी विचारलं होतं कुणाला?

थोर्सन रोज विचारतो, पोशाख आला का. काल त्याने मला बोटीवर नेलं, चाक हातात दिलं. धक्क्याला बांधलेल्या बोटीचं, पण दिलं! ताई, मी आजवर माझ्या आयुष्यात असा उभा राहिलो नव्हतो.

लवकर कर.

टेट


११ मार्च
अल्यूशियन बेटं

ताई,

माझं ८ तारखेचं पत्र उघडू नकोस. उघडलं असशील तर जाळ. मी लिहिलंय तसं काहीही करू नकोस. पिस्तूल कुणाला दाखवू नकोस, कुणालाही, पाद्री आला तरी नाही.

तुझं २८ तारखेचं आज मिळालं. रांगेत घुसून फोन लावला, रांगेतल्यांनी शिव्या घातल्या, नेस्तोर त्यांना भिडला. घंटा वाजत राहिली, तू उचलला नाहीस. मग लाइन गेली. वादळामुळे चार दिवस विमान नाही म्हणतात, म्हणजे हे पत्र इथेच बसून राहणार आणि आधीचं पुढे गेलेलं. ते डाकेच्या पोत्यातून काढता आलं असतं तर पोहत गेलो असतो.

हसू येत होतं ते वाचताना, खरं सांगतो, “घोड्याच्या” म्हणाला तिथे मी ओरडलोच. आणि मग कळलं की तोच बक, ज्याला मी सातशेला द्यायला सांगितलं.

ताई, दिलं नाहीस ना? एक ओळ लिही.

टेट


२९ मार्च
लिक फोर्क

टेट,

दिलं नाही. तुझी दोन्ही पत्रं एकाच दिवशी आली. डाकवाल्याने दोरीने बांधलेली, आधीचं वर. म्हणून तेच आधी उघडलं.

‘घेणारा कोण कुठला, आपल्याला काय करायचंय.’ हे मी तीनदा वाचलं. मग स्वयंपाकघरात जाऊन घेवड्याची आमटी ढवळत बसले, ती खाली लागली तरी कळलं नाही. आणि मग दुसरं उघडलं. तू तेवढ्या घाईत शिकलास, म्हणून तुला आता काही बोलत नाही. पण हे खरं आहे, टेट. तुझं पत्र त्या शनिवारच्या आधी आलं असतं, तर मी तुझ्या बोटीसाठी तो डबा बाजारात बरोबर नेला असता. नाही म्हणायला मला तुझ्यापुढे जमलंय कधी? बाजाराऐवजी घरी बोलावलं असतं, तर आणखीच.

बाबांचं कोल्ट हार्लनकडे नेऊन दिलं, शेरिफच्या कपाटात आहे, पावती माझ्याकडे. शहरातला परवान्याचा दुकानदार साडेचारशे देईल. तो घेणाऱ्याची चौकशी करूनच विकतो. तू म्हणशील तसं.

आता हस थोडं. रॉयसला घोडा ठेवायला जागा नाही. त्याने ‘कोल्ट, दोन वर्षं, सहाशे’ म्हणून जाहिरात टाकली, कंपनीने उडवली. तीनदा! फोटो लावून तक्रार कशी करायची ते त्याला ठाऊक नाही. चौथ्यांदा चिडून ‘झुलती खुर्ची’ म्हणून टाकली. तिघे जण बंदूक न्यायला आले आणि घोडा बघून त्याच्याच अंगावर धावले! शेवटी ओडेलकडे तीनशेला देऊन गेला. ओडेलने बिस्किट घोडेस्वारी शिकवणाऱ्या बाईला दिलाय, छान आहे तिथे, माजलाय.

एक वकीण बाई मिळाली. निरोप वाचून ती टेबलावर डोकं ठेवून हसली, मग डोळे पुसून म्हणाली, “बनावट नाव, कागद नकोत, तपासणी नको. यावर हुकूम तीन वर्षं वाढवून घेते.” फी पंधराशे. नऊशे लगेच भरले. म्हणजे रॉयसविरुद्धची फी रॉयसनेच भरली. उरलेले तारखेआधी लागतील. बघते मी. लोएला म्हणते चर्चमध्ये केक विकू. तुला सांगतेय फक्त, मागत नाहीये.

रात्री गाडीचा आवाज आला की अजून उठून बसते.

बोटीची तयारी झाली का? लाल बोटीचा फोटो पाठव. पोशाख मिळाला का?

डार्ला


११ एप्रिल
अल्यूशियन बेटं

ताई,

‘दिलं नाही’ हे दोन शब्द वाचले आणि पत्र घेऊन धक्क्यावर पळत गेलो, शेवटपर्यंत, आणि ओरडलो. सगळे पक्षी उडाले. बाकीचं पत्र तिथेच वाऱ्यात वाचलं. झुलती खुर्ची! नेस्तोर म्हणतो, हे त्याच्या आईला लिहून पाठवणार आहे, त्यांच्याकडेही असा एक जावई आहे.

कंपनीवाल्यांचं मला अजून पटलेलं नाही, ते सांगून ठेवतो. त्यांना घोडा आणि पिस्तूल यातला फरक कळत नाही, ते आपल्याला शहाणपण शिकवणार! पण माझंही काय? मला माणसामाणसातला कळला नाही. मी म्हणालो कोण कुठला, आणि तो आपल्याच घरात चार वर्षं जेवलेला निघाला. बाबा कुणाला विचारत नव्हते, कारण बाबांना खोऱ्यातला प्रत्येक माणूस आजोबापर्यंत ठाऊक होता. मला नेटवरचं एकसुद्धा नाव खरं ठाऊक नाही. तुझंसुद्धा खोटं, मिस पेनी!

कोल्ट हार्लनच्या कपाटातच राहू दे. दुकानात द्यायचं की नाही ते नऊ मेनंतर. तोवर त्या गावात आपल्या घरचं पिस्तूल हातातून हातात जायला नको.

कोर्टात मधल्या ओळीत बसू नकोस, पुढे बस. त्याच्याकडे बघू नकोस, न्यायाधीशाकडे बघ. निरोप वाचून दाखवतील तेव्हा हसलीस तरी चालेल, त्यांनाही हसू येईलच. ओडेलला साक्षीला ने, पण त्याला आधी सांग की तिथे ओरडायचं नाही. आणि निकाल लागला की त्याच दिवशी लिही. विमान मंगळवारी आणि शुक्रवारी येतं, मी दोन्ही दिवशी उभा असेन.

बोटीचं म्हणशील तर ती मला तशी फारशी आवडली नव्हती. लाल रंग जवळून बघितला तर पोपडे सुटलेत. थोर्सनही फार बोलतो. कारखान्यात आता मला माशांच्या डोक्यांवरून हलवून माशांच्या अंड्यांच्या टेबलावर घेतलंय, बसून काम, तासाला सव्वा डॉलर जास्त! पुढच्या वर्षी दुसऱ्या बोटी येतीलच, समुद्र काय आटणार आहे? तेव्हा पोशाखाची घाई नाही. फोटो काढायला जमलं नाही.

केक विकू नकोस. लोएलाचा केक मी खाल्लाय, लोक पैसे परत मागतील. आजवरच्या पगारातून साठलेल्या पैशांची डाकघराची हुंडी याच पाकिटात आहे, नीट बघ, पाकीट फेकून देशील. सहाशे वकीण बाईंचे. वर पस्तीस तुझे, आणि ते चाऱ्यात, बिलात घालायचे नाहीत. कोर्टात जायच्या आधी शहरात जाऊन केस नीट कापून घे, स्वतःच्या हाताने स्वयंपाकघरातल्या कात्रीने नाही. सगळे मिळून पाठवतोय सहाशे पस्तीस डॉलर.

टेट